रोजच्या सहा किलोमीटरची सायकल

प्रश्न : मी मिरजेत राहते. वय ४२, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. सांगलीच्या विश्रामबागेतले माझे कार्यालय घरापासून सहा किलोमीटरवर आहे आणि यापुढे तिथे सायकलने जावे असे मनात आहे. बारावीपर्यंत वडिलांची बावीस इंची सायकल चालवली. त्यानंतर चोवीस वर्षांत सायकलीला हात लावलेला नाही. दुकानदाराने पुढे-मागे शॉकअप, जाड टायर आणि २१ गिअर असलेली सायकल दाखवून ‘सध्या हीच चालते’ असे सांगितले. मी का-कू केल्यावर बास्केटवाली ‘लेडीज’ पुढे केली. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, घ्यायची तर रोड बाइक घे. घरच्यांचे म्हणणे, इलेक्ट्रिक घ्यावी. उजवा गुडघा अधूनमधून दुखतो, मात्र सायकलीला डॉक्टरांची हरकत नाही. जमल्यास रविवारी नृसिंहवाडीला किंवा दंडोबाच्या डोंगरावर जाईन. सगळे मिळून वीस हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. पंधरा वर्षांची मुलगीही ती कधीकधी चालवेल, आणि रंग काळाच हवा असा तिचा आग्रह आहे. कोणती सायकल घ्यावी?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचे पत्र वाचून बरे वाटले, कारण ज्यावरून सायकल ठरते ते सगळे तुम्ही न विचारता लिहिले आहे. एरवी येणाऱ्या पत्रांत ‘वीस हजारांत सर्वांत चांगली सायकल कोणती’ एवढाच प्रश्न असतो आणि त्याला उत्तर देणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल पाठवण्यासारखे असते. तुमच्या बाबतीत जायचे सहा आणि यायचे सहा असे रोजचे बारा किलोमीटर, म्हणजे आठवड्याचे साठ, हाच सायकलीचा खरा संसार आहे. वाडी आणि दंडोबा हे तिच्याकडे महिन्यातून एखादे वेळी येणारे पाहुणे. सायकल संसारासाठी घ्यायची असते, आणि पाहुण्यांची सोय त्यातच होते.

तेव्हा निवाडा आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. तुम्ही हायब्रिड नावाने मिळणारी, पुढच्या चिमट्याला शॉकअप नसलेली, ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीच्या टायरची, मधली नळी खाली उतरलेली, पुढे एकच दाती चक्र आणि मागे सात किंवा आठ गिअर असलेली, लहान मापाची सायकल घ्यावी आणि तिला मडगार्ड, कॅरिअर आणि साखळीचे झाकण बसवून घ्यावे. ही सायकल दुकानाच्या दर्शनी भागात बहुधा नसते. ती आतून काढून दाखवावी लागते किंवा मागवावी लागते, आणि दुकानदाराने ती तुम्हाला दाखवली नाही त्याचे कारणही बहुतेक तेवढेच असावे.

दुकानदाराने पुढे केलेल्या सायकलीबद्दल मला जरा विस्ताराने लिहावे लागेल, कारण तो खड्डा मी स्वतः पाहून आलो आहे. काही वर्षांपूर्वी मीही पुन्हा सायकल सुरू करायची ठरवली आणि एका दुकानात ‘हीच चालते’ हेच वाक्य ऐकून पुढे-मागे शॉकअप असलेली सायकल घरी आणली. पहिले चार दिवस खड्डे जाणवत नाहीत याचेच कौतुक होते. पाचव्या दिवशी उड्डाणपुलाच्या चढावर उभा राहून पायडल मारू लागलो, तेव्हा प्रत्येक जोराबरोबर सीटखालची स्प्रिंग खाली बसत होती आणि सायकल पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी झुलत होती. माझ्या शेजारून एक दूधवाले काका दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून, साध्या काळ्या सायकलीवर, माझ्याकडे किंचित सहानुभूतीने बघत निघून गेले. सहा महिन्यांत मागच्या सांध्यातल्या बुशांना खेळ आला, सायकल कुरकुरू लागली आणि कॅरिअर लावायला तर पहिल्यापासूनच जागा नव्हती. ती सायकल आज जिन्याखाली उभी आहे आणि तिच्या हँडलवर आमचे पायपुसणे वाळते.

शॉकअप ही वाईट गोष्ट नव्हे. दगडगोट्यांच्या उतारावर चाक जमिनीला धरून राहावे म्हणून ते बनले आहे आणि त्यासाठी बनवलेल्या चांगल्या सायकलींत ते उत्तम काम करते. पण त्या सायकलींची किंमत तुमच्या वीस हजारांच्या कितीतरी पट असते. पंधरा-सतरा हजारांत पुढे-मागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि २१ गिअर हे सारे बसवायचे म्हटले, की त्यातला प्रत्येक भाग स्वस्तातला स्वस्त वापरावा लागतो हे उघड आहे. स्वस्त स्प्रिंगचा पुढचा चिमटा एकटाच अडीच किलोच्या आसपास भरतो आणि सांगली-मिरज रस्त्यावर तो तुमच्यासाठी एवढेच काम करतो, की तुमच्या पायांची थोडी ताकद रोज गिळतो. स्पीडब्रेकरचा आणि उखडलेल्या डांबराचा हादरा कमी करायला ४० मिलिमीटरचे टायर योग्य हवेवर ठेवले की पुरते. तुमच्या वजनाला मागे ५० ते ५५ आणि पुढे ४५ पीएसआय (पंपावर दिसणारे हवेच्या दाबाचे माप) एवढी हवा मी सुचवीन. कोपऱ्यावरचे पंक्चरवाले दादा उत्साहाने ठणठणीत हवा भरून देतात आणि मग सायकल दगडासारखी उडते, म्हणून त्यांना आकडा सांगावा. जाड टायरवर दिसणाऱ्या गुट्ट्या मातीत रुतून पकड घेण्यासाठी असतात. डांबरावर त्या नुसत्या घरघरतात आणि झिजतात.

भाच्याच्या सल्ल्यामागे प्रेम आहे, परंतु तो स्वतःच्या रविवारची सायकल तुमच्या सोमवाराला देऊ पाहतो आहे. वाकडे खाली वळलेले हँडल, २५ ते २८ मिलिमीटरचे टायर आणि त्यांत ८० ते १०० पीएसआय हवा, अशी रोड बाइक लांब पल्ल्यावर वेगाने जायला अतिशय सुंदर असते. ज्यांना साडेतेरा तासांच्या आत २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण करायची आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. तुम्हाला मात्र वाहतुकीत मान वर ठेवून बघायचे आहे, डबा आणि पर्स न्यायची आहे, आणि चोवीस वर्षांनी पुन्हा तोल सांभाळायचा आहे. शिवाय वीस हजारांत नवी मिळणारी रोड बाइक ही बहुधा नावापुरतीच रोड बाइक असते. भाच्याला सांगा, की एका वर्षाने मावशी स्वतः विचारेल.

आता त्या ‘लेडीज’ सायकलीबद्दल. तुम्ही ती जरा रागानेच नाकारलेली दिसते आणि तो राग मला समजतो. बाई दुकानात आली की तिला फुले आणि बास्केट दाखवायची ही सवय आता जायला हवी. परंतु दुकानदाराने दाखवलेल्या दोन सायकलींत तुमच्या कामाच्या जास्त जवळ तीच होती. मधली नळी खाली असल्यामुळे पाय मागून उंच टाकावा लागत नाही, पंजाबी ड्रेस अडत नाही, सिग्नलला चटकन उतरता येते. साखळीवर पूर्ण झाकण असते, मागच्या चाकावर ओढणी अडकू नये म्हणून जाळी असते, मडगार्ड आणि कॅरिअर कारखान्यातूनच येतात. तुमचे अंतर तीन किलोमीटर असते, तर मी तीच घ्या, उरलेले पैसे बँकेत टाका आणि हा स्तंभ इथेच मिटा असे लिहिले असते.

अडचण सहा किलोमीटरची आहे, आणि त्याहून अधिक वाऱ्याची. मिरजेहून सांगली पश्चिमेला पडते. जून ते ऑगस्ट या काळात आपल्याकडचा वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे सकाळी कार्यालय गाठण्याच्या घाईत तो तुमच्या तोंडावर असणार आणि संध्याकाळी, जेव्हा कसलीही घाई नसते, तेव्हा पाठीवर. ‘आमच्याकडे चढच नाही, मग गिअर कशाला’ असे सपाट गावांतले लोक म्हणतात, ते हा वारा विसरून. एकाच गिअरच्या सायकलीला समजा पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत ती सुमारे पाच मीटर जाते. वारा पडलेला असताना हे ठीक आहे. समोरून जोराचा वारा आला की त्याच पाच मीटरसाठी गुडघ्यावर दुप्पट जोर येतो आणि तुमच्याकडे सायकल हळू करण्याशिवाय दुसरा उपाय राहत नाही.

गिअरचे काम एवढेच आहे, की वारा असो वा चढ, पायांची गती आणि त्यांवरचा जोर साधारण एकसारखा राहावा. मी सुचवलेल्या सायकलीत पुढे ४२ दात आणि मागे १४ पासून २८ पर्यंत दातांची सात चक्रे असतील असे धरा. सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेरीत सायकल सव्वातीन मीटर जाईल आणि सर्वांत जड गिअरमध्ये साडेसहा मीटरच्या वर. मिनिटाला सत्तर फेऱ्या या सुखाच्या गतीने पाय फिरवले, तर ताशी १४ पासून २७ किलोमीटरपर्यंतचे सर्व वेग एवढ्यात येतात. तुमच्या रस्त्याला याहून अधिक काही लागत नाही. दंडोबाच्या शेवटच्या चढासाठी मात्र मागचे सर्वांत मोठे चक्र ३४ दातांचे असेल तर बरे. मग एका फेरीत पावणेतीन मीटर जाईल आणि त्यातूनही दम लागला तर उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही.

मग २१ गिअरचे काय? हा आकडा पुढची तीन चक्रे गुणिले मागची सात एवढ्या गुणाकारातून येतो आणि ऐकायला भारदस्त वाटतो. जरा वहीवर मांडून बघा. पुढे २४, ३४ आणि ४२ दात आहेत; मागे १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८. पुढच्या ४२ ला मागच्या २४ ने भागा, उत्तर १.७५ येईल. ३४ ला २० ने भागा, १.७० येईल. २४ ला १४ ने भागा, १.७१ येईल. म्हणजे तीन वेगवेगळे गिअर म्हणून ज्यांचे पैसे घेतले ते पायाला एकच वाटणार आहेत. अशा जोड्या जागोजागी निघतात, आणि काही जोड्यांत साखळी इतकी तिरपी धावते की त्या वापरूच नयेत. सवय नसलेल्या माणसाला डाव्या हाताने पुढचा आणि उजव्या हाताने मागचा गिअर बदलायचा ही कसरत पहिल्या महिन्यात नकोशी होते आणि पुढचे चक्र बदलताना साखळी पडते ती हटकून चौकातच. पुढे तीन चक्रे असलेलीच हायब्रिड मिळाली तर नाकारू नका. पुढचा गिअर मधल्या चक्रावर ठेवून द्या आणि मागच्या सातांतच काम चालवा.

प्रकार ठरला तरी माप चुकले तर सगळे फुकट जाते, आणि इथे जुन्या-नव्या भाषेचा एक घोटाळा आहे. तुमच्या वडिलांची सायकल ‘बावीस इंची’ होती, म्हणजे तिच्या सांगाड्याची सीटखालची नळी बावीस इंच होती. तिची चाके अठ्ठावीस इंचीच होती. आज दुकानदार ‘सव्वीस इंची’, ‘साडेसत्तावीस इंची’ म्हणतो तेव्हा तो चाकाबद्दल बोलत असतो. त्यामुळे ‘मी बावीसवर शिकले, आता सव्वीस झेपेल का’ असे विचारणारे अनेक जण भेटतात. चाकाच्या आकड्याचा तुमच्या उंचीशी फारसा संबंध नाही, सांगाड्याच्या मापाचा आहे. पाच फूट दोन इंच उंचीला हायब्रिडचा पंधरा-सोळा इंची सांगाडा, ज्यावर बहुधा ‘एस’ हे अक्षर असते, साधारणपणे बसतो. दुकानात तेवढ्यापुरती मोठ्या मापाचीच सायकल शिल्लक असेल तर ‘सीट खाली करून देतो’ असे सांगितले जाईल. ते ऐकू नये. सीट खाली करता येते. हँडलपर्यंतचे अंतर तसे कमी होत नाही आणि मग मान, खांदे आणि मनगटे दुखतात.

टायरच्या बाजूला बारीक उठावाचे आकडेही वाचून ठेवावेत, कारण पुढे टायर बदलताना ते उपयोगी पडतात. हायब्रिडवर ४०-६२२ असे काहीतरी असेल. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसणारा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या काळ्या सायकलीच्या अठ्ठावीस इंची टायरचा व्यास ६३५ असतो, म्हणून दोघांनाही बोलताना अठ्ठावीसच म्हणत असले तरी एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. सव्वीस इंचीतही तेच आहे : लेडीज सायकलीचे ५९० आणि जाड टायरवालीचे ५५९. नावापेक्षा आकडा दाखवून टायर मागवला म्हणजे एक हेलपाटा वाचतो.

गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, तेव्हा मी फक्त सायकलीच्या बाजूने बोलतो. पुन्हा सायकल सुरू करणाऱ्यांचे गुडघे दुखतात त्याचे नेहमीचे कारण सीट फार खाली असणे हे असते. आपण सगळे लहानपणी, दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित, हे शिकलो. परंतु सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकत असतील, तर पायडल मारताना गुडघा पूर्ण उघडतच नाही आणि वाटीच्या पुढच्या भागावर प्रत्येक फेरीत ताण येतो. योग्य उंची काढायची सोपी रीत अशी : भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हलकासा वाक राहील, तेवढाच हवा. ज्यांना आकडा लागतो त्यांच्यासाठी, तीन वेळा तूर द फ्रान्स जिंकलेले अमेरिकी शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखले जाणारे गणित आहे : अनवाणी उभे राहून दोन पायांच्या मध्ये एक जाडसर पुस्तक घट्ट वर धरायचे, जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्याला ०.८८३ ने गुणायचे. तुमचे हे अंतर ७२ सेंटिमीटर भरले, तर पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साडेत्रेसष्ट सेंटिमीटर यायला हवेत.

एवढ्या उंच सीटवर सुरुवातीला भीती वाटेल. ती घालवायला थांबण्याची पद्धत बदलावी लागते : ब्रेक दाबत सीटवरून पुढे सरकून खाली यायचे, एक पाय पायडलवर राहू द्यायचा आणि दुसरा जमिनीवर टेकायचा. मधली नळी खाली असली की हे फार सहज जमते. पहिला आठवडाभर सीट दोन सेंटिमीटर खाली ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाव-अर्धा सेंटिमीटर वर न्या. आणि हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवण्याची सवय लावा. जड गिअरमध्ये रेटत जाणे हे ताकदीचे लक्षण वाटते, पण त्याची किंमत गुडघा मोजतो.

पंक्चर हा तुमच्या भागातला वेगळा विषय आहे. रस्त्याकडेला बाभळी आहेत आणि पाऊस ओसरल्यावर मोकळ्या जागांत सराटा पसरतो, ज्याला इंग्रजीत पंक्चरची वेल असेच नाव आहे. त्याचे फळ कसेही पडले तरी एक काटा आभाळाकडे असतोच. त्यामुळे टायर घेताना वजनापेक्षा जाडी बघा आणि आत काट्यांपासून बचावाची पट्टी असलेला मिळाला तर दोन-तीनशे रुपये जास्त द्या. सायकल मातीच्या कडेला उतरवली असेल तर कार्यालयात पोहोचल्यावर टायरवरून नजर फिरवावी. रुतलेला काटा वेळेवर काढला तर पुष्कळदा ट्यूब वाचते. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड आहे ना, तेही बघून घ्या. बारीक, लांब व्हॉल्व्हला कोपऱ्यावरच्या दुकानाची हवा जोडणीशिवाय बसत नाही आणि ती छोटी पितळी जोडणी नेमकी घरी राहिलेली असते.

ब्रेक डिस्कचेच हवेत असा हट्ट धरू नका. डिस्क ब्रेक पावसात चांगले लागतात हे खरे आहे, पण तुमच्याकडचा पाऊस कोकणासारखा नाही, रस्ता सपाट आहे, आणि रिमला दोन्ही बाजूंनी धरणारे साधे व्ही-ब्रेक नीट बसवलेले असतील तर पुरेसे आहेत. त्यांचे रबर कोणीही बदलून देतो. स्वस्त डिस्कची चकती किंचित वाकली की सायकलभर किणकिण सुरू होते आणि ती बंद करणारा कारागीर शोधावा लागतो. दुकानातून निघताना कोणत्या हाताचा ब्रेक कोणत्या चाकाचा आहे हे मात्र स्वतः दाबून पाहा. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबायची सवय पहिल्या दिवसापासून असावी. मडगार्ड आणि टायर यांत बोटभर तरी फट हवी, नाहीतर वाडीच्या वाटेवर पावसाळ्यात काळी माती त्यात भरते आणि चाक फिरायचेच थांबते. मग काडी शोधून रस्त्याच्या कडेला बसून ती उकरावी लागते.

इलेक्ट्रिक सायकलीचा विचार वावगा नाही. मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पण वीस हजारांत ती घेतली तर पैसे बॅटरीत आणि मोटरीत जातात आणि सायकल म्हणून जे हाती येते ते जड आणि बेताचे असते. चार्जिंग संपले की ते ओझे तुम्हालाच ओढायचे. गुडघ्याने पुढे खरोखरच साथ दिली नाही तर थोडे अधिक पैसे साठवून चांगली घ्यावी. सुरुवातीलाच नको.

पैशांबद्दल माझा हिशोब असा, की सायकलीवर चौदा हजारांच्या वर जाऊ नये. उरलेल्या सहा हजारांत हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, चांगले कुलूप, दाब दाखवणारा हातपंप, मडगार्ड, कॅरिअर, साखळीचे झाकण, ओढणीसाठी जाळी आणि घंटी हे सर्व बसवायचे आहे. कित्येक सायकलींबरोबर यांतले काहीच येत नाही आणि लोक सगळे पैसे सायकलीत घालून नंतर दिव्यावाचून फिरतात. दिव्यांबद्दल एक गोष्ट तुमच्या रस्त्यापुरती सांगण्यासारखी आहे. सकाळी तुम्ही पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे जाणार, म्हणजे सूर्य दोन्ही वेळा तुमच्या पाठीशी राहील. तुमच्या डोळ्यांना हे सुखाचे आहे, पण समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनचालकाच्या डोळ्यांवर तेव्हा ऊन असते आणि वळणावर किंवा ओव्हरटेक करताना त्याला सायकल दिसतेच असे नाही. म्हणून पुढचा दिवा दिवसाही लावून ठेवा.

खरेदी शक्यतो अशा दुकानातून करा, जिथे मागच्या बाजूला कारागिराच्या हाताला ग्रीस लागलेले दिसते. ऑनलाइन घेतलेली सायकल खोक्यात ८५ टक्के जोडलेली येते आणि उरलेले पंधरा टक्के म्हणजे हँडल, ब्रेक, पायडल आणि पुढचे चाक. नवख्या माणसाने नेमके तेच स्वतः जोडू नये. दुकानात चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ रिम डावी-उजवीकडे झुलते का ते बघा. झुलत असेल तर ‘आऊट काढून द्या’ म्हणावे, याला वेगळे पैसे पडत नाहीत. नव्या तारा आणि नव्या केबली दोन-तीनशे किलोमीटरनंतर सैल पडतात, तेव्हा पहिली तपासणी फुकट आहे का हे आधीच विचारून बिलावर लिहून घ्या. त्यानंतर महिन्यातून दोनदा साखळी पुसून तेल आणि पावसाळा संपला की एकदा ओव्हरऑइलिंग, एवढ्यावर ही सायकल चालते.

चाचणीसाठी जाताना पाहुण्यांकडे जायचे कपडे घालून जाऊ नका. कार्यालयाला ज्या कपड्यांत जाता ते, त्याच चपला, पाठीवर डब्याची पिशवी, असे जा आणि दुकानासमोर दोन गिरक्या न घेता निदान पंधरा मिनिटे रस्त्यावर चालवून या. त्यात एक स्पीडब्रेकर, एक वळण आणि एकदा अचानक थांबणे येऊ द्या. परत आल्यावर तळहात मुंग्यावले असतील किंवा हात ताणले गेल्यासारखे वाटत असतील, तर सायकल मोठी आहे. मांड्या थोड्या भरून आल्या असतील तर ते चोवीस वर्षांचे आहे, त्याला सायकल जबाबदार नाही.

राहता राहिली तुमची मुलगी. सायकल तुमच्या मापाचीच घ्या, तिच्या नव्हे. पंधराव्या वर्षी उंची अजून वाढत असते आणि तिच्या भरवशावर मोठी घेतलेली सायकल शेवटी कोणाचीच राहत नाही. सीटखाली हाताने उघडणारी कळ असलेली निवडलीत, तर दोघींना आपापली उंची क्षणात लावता येईल. तुमच्या उंचीवर नळीला रंगीत चिकटपट्टीची एक खूण करून ठेवा म्हणजे सोमवारी सकाळी शोधाशोध नको. काळ्या रंगाला माझी हरकत नाही. फक्त मागच्या मडगार्डवर आणि दोन्ही चाकांच्या तारांत चमकणारे रिफ्लेक्टर लावून घ्या, आणि ते कुठे लावायचे हेही तिलाच ठरवू द्या.